उपाशी वाकळ

माझा स्वभाव तसा जळका नाही. जावेनं बंगला बांधला तेव्हा वास्तुशांतीच्या पोळ्या मीच लाटल्या, आणि हसत लाटल्या. पण कबनूरची ती वहिनी आमच्या दुकानात आली आणि माझ्या पोटात जी आग पडली, ती अजून धुमसतीय. आता ह्या वयात खोटं कशाला लिहू?

आधी दुकानाचं सांगते. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका संस्थेचं दुकान आहे. लोकांनी घरातलं नको झालेलं सामान आणून द्यायचं, आम्ही बायकांनी ते निवडायचं, धुवायचं, दुरुस्त करायचं आणि स्वस्तात विकायचं. त्यातून दवाखान्यात पेशंटजवळ बसलेल्या माणसांना जेवणाचे डबे जातात. फुकट मात्र कुणाला काही द्यायचं नाही, असा तिथला नियम. मला तो पटतो. फुकट घेणारा मान खाली घालतो. विकत घेणारा कसा, घासाघीस करून, चार शब्द सुनावून, ताठ मानेनं पिशवी उचलून जातो.

दिवाळीच्या आधी तर सामानाचे ढीग लागतात. बिनशिट्टीचे कुकर येतात, त्यांना शिट्टी आणि रबर बसवायचं. मिक्सर एका घरातून येतो, त्याला बसणारं भांडं दुसऱ्याच घरातून. पातेल्यांवर नावं कोरलेली असतात, 'मामांकडून सप्रेम भेट'. आता मामा कुणाचा आणि पातेलं कुणाच्या चुलीवर चाललं! कान तुटलेल्या कपात आम्ही तुळशीची रोपं लावतो, जीन्सच्या पँटींच्या बाजारच्या पिशव्या शिवतो. आणि सत्काराच्या शाली? बाई बाई, त्या एवढ्या येतात की कोल्हापुरात सत्कार न झालेला माणूस शिल्लक आहे का, अशी शंका यावी. त्यांची आम्ही बाळांची टोपडी करतो.

जुन्या सुती साड्या मात्र माझ्याकडं. त्यांच्या मी वाकळा शिवायची. पुण्याकडं गोधडी म्हणतात, तीच. मला कुणी शिकवलं नाही, आईच्या शेजारी बसून हात बसला. आईची एक रीत होती. वाकळ चारी बाजूंनी मिटवायच्या आधी तिच्या पोटात मधोमध वाळक्या भाकरीचा एवढासा तुकडा घालायचा. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, म्हणायची. मी आजवर एकही वाकळ उपाशी ठेवलेली नाही.

तर ही वहिनी. नात्यातली नव्हे, दुकानात सगळ्या तिला वहिनीच म्हणतात. कबनूरला त्यांचे माग होते, ते बंद पडले आणि ती इथं लेकाकडं राहायला आली. येताना मागावरच्या उरलेल्या सुताच्या कांड्या घेऊन आली. आल्या आल्या माझ्याच ढिगातली साडी उचलली, माझ्याच शेजारी मांडी घातली आणि दोरा घालायला लागली. काय सांगू तुम्हाला! तिचे टाके म्हणजे मुंग्यांची रांग. माझे टाके त्याच्यापुढं रानात मोकळ्या सुटलेल्या म्हशी.

गिऱ्हाईकांना कळायला वेळ लागतो होय? एक आजऱ्याचे गृहस्थ आले. मी माझी वाकळ पुढं केली.

"पावणं, ही बघा की. जाडजूड हाय. थंडी जवळ यायची न्हाय."

"व्हय मावशी, पण ती बारीक टाक्याची हाय न्हवं, ती दाखवा की."

दाखवली. काय करणार? त्यांनी नेलीही. वहिनी मान खाली घालून शिवत होती. हसली असती तरी बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण माझी नात गरोदर, सातवा लागलेला, बाळंतपणाला आमच्याकडंच आलेली. ती एकदा दुकानात आली आणि माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आज्जी, बाळाला वाकळ पायजे हं."

माझं पहिलं पणतवंड. त्याला पहिलं पांघरूण माझ्या हातचं. मी मनातल्या मनात साडीसुद्धा निवडली.

"तू वहिनींना सांगशील का शिवायला?"

"आणि मी काय मेले व्हय गं?"

"तसं न्हाय, आज्जी. तुझी वाकळ जड असती. बाळ दबून जाईल की!"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, दात दाखवायला काय जातंय?

मग रोज माझ्या डोळ्यांसमोर माझ्या पणतवंडाची वाकळ ती शिवत होती. मी कुकरच्या शिट्ट्या जास्तच घासायला लागले. एका दुपारी डबे सोडले तर ती म्हणते, "मावशी, तुमच्या भाकरीतला चतकोर द्या की."

म्हटलं, वाकळ नेलीस, आता माझी भाकरी पण? न्हाय म्हणता येईना. मी कडेचा करपलेला काळा तुकडा मोडला आणि दिला. तिनं रुमालात बांधून ठेवला. खाल्लासुद्धा नाही. तोही राग आला.

वाकळ झाली. न्यायला नात आली. दुकान सांभाळणाऱ्या बाईंनी ती टेबलावर पसरली आणि सगळ्या "अगं बाई, अगं बाई" करत गोळा झाल्या. मी उलटून बघितली, सुलटून बघितली. खोट म्हणून सापडेना. शेवटी मधोमध तळहात दाबला. काही लागलं नाही. पुन्हा दाबला. मऊच.

"उपाशी हाय ही!" मी अशी ओरडले की बाहेरचं गिऱ्हाईक आत आलं. "माझ्या पणतवंडाला उपाशी वाकळ? न्हाय चालायची!"

"आज्जी, हळू की गं," नात म्हणाली.

"मावशी," वहिनी शांतपणे म्हणाली, "आम्ही मधी घालत न्हाय. कोपऱ्यात घालतो. त्या फुलाखाली बघा."

कोपऱ्यावर लाल कापडाचं तिकोनी फूल लावलेलं होतं.

"बघतेच," मी म्हटलं आणि कात्री घेतली. मुंग्यांची ती रांग कापताना, खरं सांगते, फार बरं वाटलं. फूल उचललं. आतून एक वाळका तुकडा माझ्या हातात पडला. कडेला काळा, करपलेला.

माझा तवा मी ओळखणार नाही का?

"बाळ ज्या घरात येणार त्या घरची भाकरी घालायची, अशी आमच्यात रीत हाय," वहिनी म्हणाली. "म्हणून तुमच्याकडनं मागून घेतली. जरा करपल्याली होती, पण दिल्यावर दुसरी कशी मागू?"

पुन्हा सगळ्या हसल्या. ह्या खेपेला तीही हसली, आणि मला भांडता आलं नाही.

तुकडा परत आत ठेवला. तिनं सुईत दोरा ओवला आणि सुई माझ्या हातात दिली. "उसवलं तुम्ही, आता शिवा तुम्हीच." मी शिवलं. बारीक घालायचा किती प्रयत्न केला, पण म्हशी त्या म्हशीच.

बाळ झालं, मुलगी. कुणी बघायला आलं की मी वाकळेची घडी अशी घालते की माझा कोपरा वर येईल. येणाऱ्या बायका त्या कोपऱ्यावरून हात पुढं सरकवतात आणि म्हणतात, "काय बारीक टाके हो! कुणी शिवली?"

आता मी दुकानात जाताना डब्यात एक भाकरी जास्त घेते. करपू देत नाही. वहिनीला देते, ती तिची मला देते. तिची पांढरीशुभ्र, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली. खाते मी, आवडीनं खाते. पण देवानं हे सगळं एकीच्याच हाताला कशाला द्यावं?