लेव्हीच्या यादीतलं लेकरू

त्या साली सुगीला गावात दवंडी झाली की गिरदावर येणार, घरोघर तोंडं मोजणार, जितकी तोंडं तितकी जवारी घरात ठेवायची अन बाकीची सरकारात घालायची. लेव्ही म्हणायचे त्याला. लढाई चालू होती म्हणं कुठंतरी लांब, आमच्या गावात तर तोंडांचीच लढाई लागली. एकानं जिंतूरहून म्हातारी मावशी गाडीत घालून आणली, एकानं मेलेल्या बापाचं अंथरूण टाकलं अन म्हणला बाप रानात गेलाय. अन मपलं लेकरू, ज्याला सव्वा वर्षात कुणी कडेवर घेतलं न्हवतं, ते एकदम दोन घरांना पायजे झालं.

तेराव्या वर्षी मपलं कुकू पुसलं. नवऱ्याचं तोंडबी मला आठवत न्हाई. तवापासून भावाच्या घरी. तिसरीपसवर शिकले, बाळबोध वाचता येतं, सही येते, त्याच्यापुढं काई न्हाई. लेकराचा बाप वरच्या गल्लीतला, आमच्या बांधाला बांध. त्याला बायको हाय, दोन पोरी हायत, लय रान हाय. त्यानं मला पोखर्णीला नेलं, नरसिंहाच्या पायरीवर नारळ ठेवला अन म्हणला, सुगी झाली की मोहतूर लावतो. आमच्यात रांडव बाईचं दुसरं लगीन म्हंजे मोहतूर, वाजंत्री न्हाई, वरात न्हाई, पर लागलं की लागलं, लेकराला बाप भेटतो. मी खरं धरलं. एक सुगी झाली, दुसरी झाली, लेकरू झालं, अन तो बांधावरून जायचा तर खाली बघत जायचा, जसं काई त्याचं खुरपं हरवलंय.

बारसं झालं न्हाई. बारशाला आत्या लागते, आत्यानंच कानात नाव सांगायचं अस्तं. लेकराच्या बापाची भैन गावातच दिलेली, पर ती कशाला येती. आत्या न्हाई म्हणून नाव न्हाई. वैनी म्हणायची, "नाव कशाला पायजे? हाक कोण मारणार हाय त्याला?" मी आपली बाळ म्हणायचे. वैनी त्याला चुलीपाशी येऊ द्यायची न्हाई, तिच्या पोराच्या ताटात काई उरलं तर ते ह्याला.

दवंडी झाली त्या दिशी वैनी तेलाची वाटी घेऊन बाहीर आली अन म्हणली, "आणा हो इकडं आमचं बाळ." मला मारलं असतं तरी इतकं भ्याव वाटलं नसतं. भाऊ म्हणला, "साहेबानं इचारलं तर सांगायचं, मामाच्या घरी खातंय. ध्यानात ठेव." मी हो म्हणले.

सांच्याला हिरीवर लेकराच्या बापाच्या मायनं मला गाठलं. म्हातारी कधी माझ्याकडं थुकायचीबी न्हाई. म्हणली, "सकाळी लेकरू घेऊन ये. लिहून घेणार हाय तो."

"बाप म्हणून?"

"मंग काय मामा म्हणून? ये गुमान."

मपल्या हातातून दोर सुटला, बादली गेली खाली. मी तिलाबी हो म्हणले. तिथंच चुकले मी. भावाला न्हाई म्हणायची छाती न्हवती अन हे सोडायची तयारी न्हवती. मला वाटलं, वरची गल्ली आधी हाय, आमची मागून, तिकडं लिहून झालं की पळत येईन, दोनीकडं भागंल. सरकारच्या कागदावर एकदा बापाचं नाव लागलं की मोहतूर झालं काय अन न्हाई झालं काय.

सकाळी शेण टाकायच्या बहाण्यानं निघाले. त्याच्या ओसरीवर गिरदावर साहेब खाटेवर, कारकून खाली बस्ता उघडून, बाजूला पट्टेवाला शिपाई. लेकराच्या बापानं मपल्या हातातून लेकरू घेतलं. पैल्यांदाच. मांडीवर बसवलं. लेकरू किंचाळलं, त्यानं वळख कुठं दावली होती? रडता रडता त्याच्या धोतरावर मुतलं. सगळे हसले. तो बी हसला अन म्हणला, "आमच्याच घरचं हाय साहेब, हक्कानं मुततंय." लेकरू काई गप बसंना, तवा शिपायानं वाकून छातीवरचा पितळी बिल्ला त्याच्या हातात दिला. चमकता बिल्ला धरला अन गप झालं. कारकुनानं लिहिलं. मला इतकं बरं वाटलं त्या घडीला, की काय सांगू.

मागच्या बोळातून पळत घरी आले. वैनीनं तिच्या पोराची कुंची घातली ह्याला, काजळ घातलं, कपाळावर तीट लावली, वळखूच येईना. साहेब आले. भावानं तोंडं सांगितली, शेवटी म्हणला, "अन हे बहिणीचं लेकरू." कारकून लिहायला वाकला अन मपल्या लेकरानं शिपायाला बघून हासून हात लांब केला. बिल्ल्याकडं.

शिपाई म्हणला, "अगं बया! ह्यानं तर आत्ताच वरच्या गल्लीत धोतर भिजवलं की!"

सगळ्यांला चावडीवर बोलावलं. अर्धं गाव गोळा. बाप्ये वर कट्ट्यावर, मी खाली धुळीत लेकरू घेऊन. गिरदावर लाल झालेला, म्हणला, "किसका बच्चा है ये? सच नहीं बोले तो दोनों घर के पेव खोल देता मैं!" पेव म्हंजे जमिनीतलं जवारीचं कोठार, ते उघडलं तर दोनी घरं बसली. लोक हसायलते. एक म्हणला, "बारकं हाय पर दोन घरी जेवतंय." दुसरा म्हणला, "मायवर गेलंय."

साहेबानं मलाच इचारलं, "बाई, तू सांग. कुठल्या घरचं?"

भाऊ माझ्याकडं बघायलता. लेकराचा बापबी बघायलता. म्या वरच्या गल्लीकडं बोट केलं.

भावानं डोईचं मुंडासं सोडलं, परत बांधलं, अन गेला.

मंग ते आत गेले, साहेब, कारकून, पटवारी अन लेकराचा बाप. आत काय बोलले ते मला ऐकू आलं न्हाई, दार लोटलेलं. तो बाहीर आला, माझ्याजवळ वाकून म्हणला, "लिहिलं. बापाचं नाव लिहिलं. आता सही कर अन उगा कालवा करू नको." कारकून अंगठ्याला शाई लावाया लागला तर मी म्हणले, मला सही येते. तो हसला. "लो, पंडतीन आयी!" म्या सही केली, एक कागद सरकारचा अन एक घरात ठेवायचा, दोनीवर. वरचं सगळं उर्दूत होतं. सही नीट आली, जोडाक्षर चुकलं न्हाई, त्याचाच मला ताठा.

भावाच्या दारात गेले तर वैनीनं मपलं गाठोडं उंबऱ्याबाहीर ठेवलेलं. वरून कुंचीबी काढून घेतली. आतून भाऊ म्हणला, "जिथं मोजलं तिथं जेवा."

मंग मी तिकडं गेले. म्हातारीनं गोठा दाखवला. म्हणली, "वैरणीकडच्या अंगाला पड, बैल मारके हायत." मी शेण काढलं, दळलं, खळ्यावर राबले. त्याची बायको माझ्याशी बोलायची न्हाई, भाकर वरून टाकायची. आमच्या दोन तोंडांची जवारी पेवात राहिली अन लेकराला कण्या. त्याला सगळे 'ए' म्हणायचे. ए, सरक. ए, तिकडं मर. तो बाप दारातून जायचा यायचा, अन ए म्हणायलाबी थांबायचा न्हाई. पर मी गप होते. तो कागद आढ्याला खोचलेला होता, मला दिसायचा रोज, दळताना वर बघितलं की दिसायचा.

संक्रांतीला त्याची भैन वाण घेऊन आली. मी हात जोडले, म्हणले, "ताई, लेकराच्या कानात नाव सांगा. आत्या हाव तुमी."

ती मायकडं बघून हसाया लागली. "कामवालीच्या पोराची आत्या व्हय मी?"

"सरकारच्या कागदावर हाय," मी म्हणले.

म्हातारी म्हणली, "हाय ना. वाचून घे की मंग, पंडतीन."

तिच्या बोलण्याची रीतच अशी होती, की दुसऱ्या दिशी दुपारी मी कागद काढला, पदरात घेतला अन शाळेत उर्दूच्या मास्तरकडं गेले. म्हातारा माणूस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यानं एकदा मनात वाचलं, मंग माझ्याकडं बघितलं, मंग मोठ्यानं वाचलं. घरवाला एक. माँ. बीवी. दो बेटियाँ. नौकर, बेवा औरत एक. उस नौकर का बच्चा एक.

"अन बापाचं नाव?"

"वहाँ लकीर है, बेटी."

"लकीर म्हंजे?"

"म्हंजे काई न्हाई." अन खाली बोट ठेवून म्हणला, "ये सही तुमारी है ना?"

होती. मपलीच होती, नीट, जोडाक्षरासकट. मपल्या लेकराला बाप न्हाई, हे म्याच लिहून दिलेलं.

मी कागद परत आढ्याला खोचला. कुठं जाणार होते? पावसाळा तिथंच काढला. सुगी आली, दवंडी झाली, अन म्हातारी तेलाची वाटी घेऊन गोठ्यात आली. "आण इकडं बाळाला, उद्या साहेब येणार हायत." तिनं वाटी ठेवली. मी मनात म्हणलं, आता दर सुगीला हेच. आता ह्याला कळंल, ऐकंल, कट्ट्याखाली उभा राहून ऐकंल. वेचणीला जाते म्हणून सकाळी टोपलं घेतलं, टोपल्यात लेकरू, अन पाथरीची वाट धरली. दोन दिवस चालले.

हितं जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडते. मुकादमानं इचारलं, "कोण कोण?" म्हणलं, दोघं. बापाचं इचारलं तर खोकला काढला. त्या कागदावर मपली सही हाय, शिपाई दिसला की अजून पदर तोंडावर ओढते.

लेकराच्या कानाला तोंड लावून नाव म्याच सांगितलं, जिनाच्या आवारात, कापसाच्या ढिगाआड. संगतीची म्हणली, "मायनं सांगितलेलं नाव लागत न्हाई." मी दिवसभर त्याला त्या नावानं हाक मारते. ते बघत न्हाई.

परवा आमच्या गावची गाडी कापूस घेऊन आली. गाडीवाल्यानं मला वळखलं, डोळे मोठे केले. "अगं, तू हितं? गावात तर तू हायस!"

"कशी काय?"

"मोजणी झाली की. वरच्या गल्लीतले म्हणले, दोघं वेचणीला गेलीत. साहेबानं लिहून घेतलं. तिथं जेवायलीस तू, लेकराला घेऊन. पोटभर!" अन लय हसला.

मी हसले न्हाई. मी इचारलं, "अन बापाच्या जागी?" कळत असून इचारलं.

"ते मला काय म्हाईत?" तो म्हणला, अन कासरा ओढून बैलाला म्हणला, "ए, सरक."

लेकरू मपल्या पायाशी सरकीत खेळायलतं. ते उठलं अन बाजूला सरकलं.