चाचीच्या कॅसेटीतली मालिका

मालिकेच्या सुरुवातीची नावं संपायच्या आत चाचीने निकाल दिलेला असायचा. "ही बाई खोटी," असं ती एकदा म्हणाली की संपलं. मग ती बाई पुढे दोनशे भाग धाय मोकलून रडो, चाचीच्या कोर्टात अपील नव्हतं. आणि खरं सांगते, बहुतेक वेळा चाचीच बरोबर निघायची. मला याचा भयंकर राग यायचा.

नव्वदचं दशक संपता संपता मी कोल्हापूरहून रत्नागिरीच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि चाचीच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अख्खी गल्ली तिला चाचीच म्हणायची. चाचा कुवेतला बंदरात क्रेन चालवायचे, मुलगी लग्न होऊन चिपळूणला. घरात राहिली चाची आणि चाचांनी आणलेला भलामोठा टीव्ही. माझी शाळा सकाळची. दुपारी दीडला मी जेवणाचं ताट घेऊनच तिच्याकडे मालिका बघायला जायचे.

"बघ गो मास्तरीण, डोळ्यांना पूर आलाय आणि नाक कोरडं! असं कोण रडतं?" ही तिची पहिली कसोटी. दुसरी स्वयंपाकघरातली. "भल्या सकाळी भरजरी साडी नेसून चहा करते. हिच्या घरात कोणी कधी मासळी साफ करताना दाखवलीय? मग हाताला वास कसा येणार, आणि वास नाय तर संसार कसला?" मधेच लाइट गेली तर उरलेला भाग ती स्वतः सांगून टाकायची. दुसऱ्या दिवशी कळायचं की वेगळंच घडलंय. त्यावर चाची शांतपणे म्हणायची, "लिहिणाऱ्याला अक्कल नाय."

सगळ्या गल्लीला त्या मालिकेतली सोशीक सून आवडायची, चाचीला मात्र कारस्थानी भावजय. "वाईट आहे, पण जे काय ते तोंडावर बोलते. ही गोड सून बघ, मनात ठेवते नि कुढते. नवरा सात वर्षं परदेशात, आणि एक शब्द बोलत नाय. असल्या बायकांचं मला डोकं फिरतं." आता बोला! हे मला कोण ऐकवत होतं, तर जिचा नवरा बावीस वर्षं कुवेतला होता ती.

तेव्हा फोन क्वचित व्हायचे, पत्रांचा तिला कंटाळा. गल्लीतलं कुणी कुवेतला निघालं की त्याच्या बॅगेत चाचीची कॅसेट जायची. पहिल्या बाजूला घरची खबर. ती पाच मिनिटांत आटपायची: "इकडे सगळं खैरियत, आमची काळजी करू नका." दुसऱ्या बाजूला मालिका, पंधरा दिवसांचे सगळे भाग, चाचीच्या मतांसकट. तिकडे चाचांच्या खोलीतली सहा कोकणी माणसं शुक्रवारी जेवण झालं की ती लावून बसायची आणि उलट कॅसेटीतून विचारायची, "भाभी, त्या वकिलाचं पुढे काय झालं?" यात चाचीचा नियम कडक होता. मत आपलं, पण भाग जसा झाला तसाच सांगायचा. मी एकदा मागून थोडं तिखटमीठ लावलं, तर तिने कॅसेट मागे फिरवून पुन्हा भरली.

चाचा दर वर्षी म्हणायचे, अजून एकच वर्ष. पोरीचं लग्नही त्यांनी व्हिडिओवर पाहिलं. त्या वर्षी मात्र ते कायमचे येणार होते. चाचीने घराला रंग काढला, पडवीत त्यांच्यासाठी आरामखुर्ची आणून ठेवली. आणि मग त्यांची कॅसेट आली: करार दोन वर्षांनी वाढवलाय. चाचीने टेपरेकॉर्डर बंद केला आणि मला विचारलं, "चहा घेतेस?"

मी भडकले. "अहो चाची, या म्हणून सांगा की त्यांना!"

"आमच्यासाठीच राबतात ना गो ते. कुठल्या तोंडाने सांगू?" ती म्हणाली. आणि रडली. चांगलं नाक पुसत रडली.

त्याच आठवड्यात मालिकेतला नवरा परतला. सोशीक सुनेने हसतमुखाने त्याला ओवाळून आत घेतलं. भाग संपला तशी चाचीने कॅसेट भरायला घेतली. बाकीचं सगळं झाल्याप्रमाणे सांगितलं, आणि मग म्हणाली, "तर तो दारात आला. बायको म्हणाली, बावीस वर्षं एकटी जेवले. पाहुण्यासारखे येणार असाल तर पडवीतूनच परत फिरा. राहायला येणार असाल तरच आत या. आणि तिने दार लावून घेतलं."

मी आ वासून बघत राहिले. मालिकेतला नवरा तर सातच वर्षं गेला होता! चाचीने माझ्याकडे डोळे वटारले आणि बटण दाबून कॅसेट बंद केली. दुसऱ्या दिवशी कॅसेट कुवेतला रवाना झाली.

तीन महिन्यांनी, आम्ही मालिका बघत असताना, दारात रिक्षा थांबली. चाचा उतरले. एवढं सामान की रिक्षावाला हाशहुश करत होता. चाची दारात जाऊन उभी राहिली. चाचा पडवीत थांबले, आत येईनात.

"आमच्या खोलीतला हर्णैचा दोस्त, मालिकेतला तो नवरा परतला तेव्हा रजेवर घरी होता," ते म्हणाले. "त्याने तो भाग डोळ्यांनी पाहिलेला. परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, भाभींनी चुकीचं सांगितलं, ती बाई तर नवऱ्याला हसत आत घेते. सगळी खोली हसली. मला काय हसू आलं नाय. माझ्या बायकोने आजवर एक भाग चुकीचा सांगितला नव्हता. दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला."

चाचीने नाक पुसलं.

"राहायला आलोय," चाचा म्हणाले. "आत येऊ?"

चाची दारातून बाजूला झाली.