घडीचा वरचा थर

माझं डोकं लवकर तापतं आणि त्यात नियमांचं वेड. बायको म्हणते, "तुम्ही ताटातल्या पोळ्यांचीही परेड घ्याल." खोटं नाही ते. कापडाचं इंजिनियरिंग शिकून पहिली नोकरी लागली ती नांदेडला, राष्ट्रध्वजाचं खादीचं कापड तपासायची. भिंगाखाली धागे मोजायचे. कमी भरले की तागा बाद. पुढं फौजेत गेलो, तिथं नियम अंगात मुरले. आता निवृत्त होऊन लातूरला राहतो. पंधरा ऑगस्ट झाला की गावोगाव फिरून फाटके-विटके झेंडे गोळा करतो. ते कचऱ्यात जाऊ द्यायचे नसतात, मानानं जाळायचे असतात.

यंदा बिलोलीजवळच्या एका खेड्यातून मास्तरांचा फोन आला, "माय तुम्हाला बोलावून राहिली." ही माय म्हणजे माझ्या तुकडीतल्या एका जवानाची आई. पोरगा सीमेवर गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीवरचा तिरंगा घडी घालून मीच तिच्या हातात दिला होता. त्याला आता वीसेक वर्षं झाली असतील.

चहा झाल्यावर मायनं पत्र्याची ट्रंक उघडली आणि झेंडा माझ्यापुढं धरला. घडी मी घातली होती तशीच. फक्त वर, चक्राशेजारच्या पांढऱ्या पट्ट्यात, अंगठ्याएवढं भोक पडलेलं.

"येवढं रफू करून दे बाबा. तुला कपड्यातलं लई कळतंय."

आणि मी दीडशहाणा काय बोलावं? "कसर लागली, माय. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या होत्यास. फाटका झेंडा ठेवत नाहीत, नियमानं जाळतात. आण इकडं, मी नेतो."

तिनं झेंडा छातीशी धरला. भांडली नाही की रडली नाही.

"त्याला जाळलं की एकदा," ती म्हणाली. "आता ह्याला बी?"

जीभ हासडून टाकावी असं वाटलं. खिशातलं भिंग काढलं. "बघू तरी दे," म्हणालो.

तिनं दिला, पण एक टोक हातातच ठेवलं.

भिंगातून बघितलं. कसर धागा कुरतडते, इथं एकही धागा कुरतडलेला नव्हता. सगळे झिजून झिजून विरले होते. शिवाय घडीचा खालचा थर अगदी धडधाकट. कसर काही वरच्या थरावर थांबत नाही. जन्मभर कापड तपासणाऱ्या माणसाला एवढं आधी दिसू नये, याची लाज वाटली.

"माय, तू इथं रोज हात लावतीस का?"

चोरी पकडल्यासारखी ती खाली बघायला लागली. "सकाळी ट्रंक उघडते अन् जरा अंगठा फिरवते. त्याच्या गालावरून फिरवायची तसा. माझ्यानंच फाटला का?"

मला रडू आलं. फौजी माणूस वगैरे काही नाही, चांगला रडलो.

मग डोळे पुसून सुई मागितली. झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्याच्या कडेची दुमड आतून थोडी उसवली आणि त्यातलेच धागे ओढून काढले. बाहेरचा धागा मला घालायचा नव्हता. माय समोर बसून कापड ताणून धरत होती. मी एक उभा, एक आडवा असा धागा भरत गेलो. माझ्या बोटांना आता कंप आहे, टाके वाकडे पडले. नांदेडला असतो तर स्वतःचंच काम बाद केलं असतं. दुपारची एसटी केव्हाच निघून गेली.

पुन्हा घडी घालून झेंडा तिच्या मांडीवर ठेवला. ती बघत राहिली, पण हात पदराखालीच.

"आता इथं हात लावायचा न्हाई ना?" तिनं विचारलं.

"लाव, माय. रोज लाव," मी म्हणालो. "झिजला की निरोप धाड. मी येतो."