सहाव्या मुलीची परवानगी

झिव्काबाई समोरून येताना दिसली की आमच्या गावातले मालक लोक रस्ता बदलायचे. कामगार खात्याची ही इन्स्पेक्टर दिसायला साधी, बुटकी, पायात पुरुषी सँडल. पण अठराच्या आतल्या पोरांचा विषय निघाला की देवाचंही ऐकायची नाही. सोळा पूर्ण हवीत, डॉक्टरचा कागद हवा, खात्याची परवानगी कामाच्या पहिल्या दिवसाआधी हवी. दिवसाला सात तास, रात्री दहानंतर नाही, बॉयलरजवळ तर मुळीच नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नात ढोलवाला सतरा वर्षांचा निघाला, तर दहाला पाच कमी असताना बाईने त्याच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या. भाची दोन वर्षं तिच्याशी बोलली नाही. बाईने स्वतः लग्न का केलं नाही, याची तीन कारणं मला ठाऊक आहेत. त्यातली दोन सभ्य माणसांत सांगण्यासारखी नाहीत.

वेल्चोचा आलुबुखाराचा कारखाना गावाबाहेर, मक्याच्या शेताला लागून. दर ऑगस्टला तो पाच शाळकरी मुलींची परवानगी काढायचा, कागद अगदी चोख. पण त्या उन्हाळ्यात झिव्काला एक गोष्ट खुपली. बिया काढलेल्या फळांचे क्रेट रोज सहा जणींचे भरत होते. पाच मुलींच्या हातून सात तासांत तेवढं काम उरकणं शक्यच नव्हतं. म्हणजे एकतर वेल्चो पोरींना जास्त राबवत होता, नाहीतर सहावी कुणीतरी लपवलेली होती. लपवालपवी आमच्याकडे नवी नाही. इन्स्पेक्टरची गाडी वळणावर दिसली की रखवालदार शीळ घालतो, आणि बिनकागदाची माणसं मागच्या दाराने मक्यात जाऊन बसतात.

म्हणून झिव्का त्या दिवशी पायी आली, तीही मक्यातून.

आतला प्रकार मला पेन्काने सांगितला. ती त्या पट्ट्यावरची मुकादम आणि माझ्या बायकोची चुलत बहीण. एरवी मीठमसाला लावून बोलते, पण हे सांगताना एक शब्द जास्तीचा घातला नाही. सरकत्या पट्ट्याशी पाच मुली उभ्या होत्या. तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी. तिथे खिळ्याला एप्रन टांगलेला, खाली बियांची बादली, शेजारी रिकामा क्रेट. झिव्का त्या जागेसमोर ठाण मांडून बसली. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. तिने घड्याळ बघायला एकदाच मान खाली घातली. वर पाहिलं तर क्रेट काठोकाठ भरलेला, फळं नीट दोन फाका करून रचलेली.

"इथे कोण उभं असतं, पेन्का?"

"कोणी नाही, बाई."

"मग हा कोणी भरला?"

पेन्का कोरडेच हात पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "बिसेर्काने. तुम्ही कागद मागाल, म्हणून सांगत नव्हतो."

नाव ऐकून झिव्काचा चेहरा उतरला. बिसेर्का म्हणजे दोब्रिनाची मुलगी. अकरा वर्षांपूर्वी याच कारखान्यात बॉयलरचा पाइप फुटून गेली, तेव्हा सोळा वर्षांची होती. सोमवारी कामाला लागली, परवानगीचा अर्ज शुक्रवारी द्यायचा होता, बुधवारी संपली. वेल्चोने चौकशीत सांगितलं, ही माझी कामगार नव्हेच, मैत्रिणीचा डबा द्यायला आली आणि नको तिथे फिरत बसली. पट्ट्यावरच्या बायकांनी नोकरीसाठी माना डोलावल्या. गेलेल्या माणसाचा फोटो छापून फाटकावर लावायची आमच्याकडे रीत आहे; दोब्रिनाच्या फाटकावर दर ऑगस्टला असा नवा कागद लागतो. त्या वर्षी त्यावर होतं, 'अकरा वर्षं तुझ्याविना'. आकडा वाढतो, फोटोतली पोर सोळाचीच. त्या बाईला भरपाई नको होती. माझी मुलगी भटकताना नाही, राबताना मेली, एवढंच कोणीतरी सरकारी कागदावर लिहून द्यावं, म्हणून ती अकरा वर्षं खात्याचे उंबरे झिजवत होती. आणि त्या जुन्या चौकशीच्या कागदावर खाली सही होती तेव्हा नोकरीत नव्याने लागलेल्या झिव्काची.

बिनकागदाचा माणूस सापडला, तर इन्स्पेक्टर स्वतः लिहू शकते की हा अमुक मालकाचा कामगार, अमुक तारखेपासून. झिव्काने पट्टा थांबवायला लावला, छापील कागद काढला आणि वेल्चोला खाली बोलावलं. पेन्काने आणि कारखान्यातल्या आणखी तिघी जुन्या बायकांनी बिसेर्का सोमवारीच कामाला लागल्याचं सांगितलं, खाली सह्याही केल्या. पेन्का म्हणते, क्रेट डोळ्यांसमोर असताना खोटं बोलायला जीभ वळेना.

वेल्चो आधी हसला. "मेलेल्या पोरीला कामावर लावतेस होय? उन्हात चालत आलीस, पाणी पी जरा."

"मी नाही लावलं, तू लावलंस. शेवटचा दिवस कोणता लिहू?"

"काही लिहू नकोस."

"बरं, रिकामं सोडते. म्हणजे ती अजून तुझ्याकडेच कामाला आहे."

तेवढ्यात बादलीत टप्पकन बी पडली. पट्टा बंद होता, मुली भिंतीपाशी सरकलेल्या. मग दुसरी पडली. कामाला लागलेल्या माणसाच्या हातून पडाव्यात तशा, सारख्या अंतराने पडत राहिल्या. खिळ्यावर एप्रन नव्हता.

वेल्चो बादलीपासून मागे सरकला. "बुधवार," तो म्हणाला. "तोच बुधवार. बॉयलरकडे मीच पाठवलं होतं तिला, माणूस कमी होता म्हणून."

झिव्काने ते शब्द जसेच्या तसे लिहिले. त्याने सही केली, तेव्हा लेखणी रुतून कागद फाटायचाच बाकी होता.

भर उन्हात झिव्का प्रत घेऊन दोब्रिनाकडे गेली. दोब्रिनाने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. रडली नाही. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "इथे दिवसाचे तास सात लिहिलेत. ती दोन्ही दिवस दहा तास उभी होती, बाई. दोन्ही रात्री मी तिचे पाय चोळले."

झिव्का पायरीवर बसली. कागद गुडघ्यावर घेऊन तिने सात खोडले, दहा केले, आणि खाडाखोडीशेजारी स्वतःची पूर्ण सही केली.