चाल आजीकडे होती

आमच्या घरात प्रत्येकाला एक आवाज नेमून दिलेला होता. बाबांना खालचा, आत्याला मधला. मी गाण्याच्या वयाची झाले तेव्हा मलाही आत्याशेजारी बसवून मधलाच दिला. मुख्य चाल आजी स्वतः गायची. खडकीच्या चर्चमध्ये ती तरुणपणापासून पेटी वाजवत आली होती, आणि तिथल्या गायकांत केली होती तशीच वाटणी तिने घरातही केली. ती पुढे कधी बदलली नाही. कोणी दुसऱ्याच्या सुरात शिरलं की आजी भाता धरून थांबायची.

"तुझी जागा तळघरात आहे. वर कशाला आलास?" हे बाबांना. कारखान्यात बाबांच्या हाताखाली पुष्कळ माणसं होती, पण इथे ते निमूटपणे खाली जायचे.

रोज दिवेलागणीला प्रार्थना व्हायची आणि शेवटी एक गीत. त्याचे शब्द गीतांच्या पुस्तकातले, साऱ्या मंडळीला पाठ. चाल मात्र आजीच्या वडिलांनी बांधलेली. ते खेड्यातल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. चर्चमध्ये तेच गीत एका सोप्या चालीवर म्हणतात. तिला आजी 'बाजारातली' म्हणायची. वडिलांची चाल फक्त आमच्या घरात होती, आणि घरातही फक्त तिच्याकडे. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. रोज कानावर पडणारी गोष्ट आपल्याला येते, असंच माणूस धरून चालतो. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे फोन पावाच्या डब्यात जात, त्यामुळे ती चाल कुठे टिपलेलीही नाही.

चर्चमध्ये कीबोर्ड आला तेव्हा तिने पाळकांना विचारलं होतं, "पाळकसाहेब, बटण दाबून तबला वाजतो, तशी प्रार्थनाही होते का हो?" मग घरी येऊन आम्हाला बजावलं, "माझ्या मातीला आपलं गीत, आपल्या चालीत. कीबोर्ड आणलात तर उठून बसेन." आम्ही हसलो होतो.

मागच्या उन्हाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या पलंगाभोवती आम्ही संध्याकाळी बसलो. वाचन झालं, प्रार्थना झाली, आणि सवयीने सगळे तिच्याकडे बघत राहिलो. तिने तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

मग आत्याने चाल धरली. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत चाल वर चढते. तिथे आत्या चढली नाही, नकळत आपल्या मधल्या आवाजात उतरली. मी सावरायला गेले आणि मीही तिथेच जाऊन पोचले. आजी डाव्या हाताचं बोट छताकडे नेत राहिली. वर, आणखी वर.

पुढे रोज तेच. आत्याने पेटी पलंगापाशी ओढली. एकेक पट्टी दाबून ती आजीकडे बघायची आणि आजी मानेने नाही म्हणायची. एकदा आम्ही आजीचाच डावा हात पट्ट्यांवर ठेवला. तो जन्मभर भाता हलवत आलेला हात होता. पट्ट्यांवर तो जरा वेळ राहिला आणि घसरला. एका संध्याकाळी चढणीचा पहिला सूर सापडला. तिने डोळे मिटून घेतले. त्याच्या पुढचा काही सापडला नाही. नंतर तिने बोट उचलणं सोडून दिलं. गीताची वेळ झाली की ती मान भिंतीकडे वळवायची.

ती गेली तेव्हा बाबांनी पाळकांना सांगितलं, "कबरेपाशी गीत आम्ही घरचेच म्हणू." काय होणार हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी कोण जाणे, तिथे उभं राहिल्यावर आठवेल असं वाटलं असेल. आत्याने सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत ती मधल्या आवाजात, मी मधल्या आवाजात, बाबा खाली, आणि वर कोणी नाही. आम्ही थांबलो. रडू आवरेना म्हणून थांबलो, असा लोकांचा समज झाला, आणि सगळ्या मंडळीने मोठ्या मायेने ते गीत उचललं. बाजारातल्या चालीत, शेवटच्या कडव्यापर्यंत. बाबा ओठ घट्ट मिटून खड्ड्याकडे बघत होते.

निघताना शेजारच्या बाई आत्याचा हात धरून म्हणाल्या, "तुमचा कंठ दाटला ना हो, म्हणून आम्ही सांभाळून घेतलं. छान झालं सगळं. आईंना आवडलं असतं."

"हो ना," आत्या म्हणाली. "आभारी आहे तुमची."

घरी प्रार्थना अजून होते. गीताच्या जागी पहिले काही दिवस आम्ही गप्प बसायचो. ते कुणालाच सोसेना. आता बाबा चष्मा लावून पुस्तक उघडतात आणि गीत वाचतात, बातम्या वाचाव्यात तसं, सपाट आवाजात, सगळी कडवी. दुसऱ्या ओळीपाशी आत्या उठते आणि कुकर लावायला आत जाते.