बुधवारची तिसरी खुर्ची

सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून मिळेल तिथं काम करत आलो. गोंदियाकडचा माणूस बीड जिल्ह्यातल्या जेलच्या दवाखान्यात ठेक्यावर लागेल, असं घरच्यांनाच काय, मलाही वाटलं नव्हतं. काम साधं. झाडलोट करायची, कैद्यांना डॉक्टरांपुढं आणायचं, गोळी खरंच गिळली का ते तोंड उघडायला लावून बघायचं.

दर बुधवारी अंबाजोगाईहून मनाच्या आजारांच्या डॉक्टर मॅडम येतात. त्यांच्या टेबलापाशी कायम एक खुर्ची जास्तीची असते. कैदी कुणाबद्दल काही सांगायला लागला, की मॅडम त्या माणसाला बोलावून तिथं बसवतात आणि म्हणतात, "हां, आता सांग." मला आधी वाटायचं, बाई उगाच भांडणं लावतात.

शिरूर कासारकडचा एक कैदी होता. बोलणं गुळासारखं. त्याला बाहेरच्या मोठ्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं. तिथं घरच्यांना भेटणं सोपं. एका मंगळवारी त्यानं मला जाळीपाशी बोलावलं.

"मामा, उद्या मॅडमला एवढंच सांगा, मी भिंतीवर डोकं आपटताना तुमी बघितलं."

"मी कुठं बघितलं?"

"मंग मी बी सांगतो, मामा तंबाखू आणून इकतेत. बघा बा. तुमचं गाव लई लांब हाय."

ठेक्याच्या माणसाला काढायला पुरावा लागत नाही, संशय पुरतो. त्या दिवशी जेवण गेलं नाही. हो म्हणून टाकावं, नोकरी तरी राहील, असं सारखं मनात येत होतं.

बुधवारी तो कपाळावर टेंगूळ घेऊनच आला. "मामांना इचारा, त्यांनी बघितलंय."

"मामा, बसा," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगा."

मी त्या जास्तीच्या खुर्चीत बसलो. म्हटलं, "टेंगूळ बघितलं. आपटताना नाही बघितलं." मग जाळीपाशी झालेलं बोलणंही सांगून टाकलं.

"मॅडम, मामा तंबाखू इकतेत, म्हणून माझ्यावर उलटले."

मॅडम त्याच्यावर ओरडल्या नाहीत, माझ्याकडं वाकड्या नजरेनं बघितलंही नाही. दोघांसमोरच जेलरसाहेबांना फोन लावला, दोघांचंही म्हणणं सांगितलं. मग बॅटरी घेऊन त्याचे डोळे तपासायला लागल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "खोटं बोलतोय तो."

"बोलू दे. खोटं बोलणाऱ्याचं डोकं दुखत नाही का मामा?"

झोप कशी लागते, मनात काय येतं, सगळं शांतपणे विचारलं. तो रडला. खरं रडला की नाही, मला कळलं नाही. मॅडमनी पाणी दिलं, पुरतं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "भरती नाही. इथंच रोज तपासतील. बुधवारी परत बोलू."

"दगडाच्या हायेत तुमी."

"असेन. दगड बुधवारी येणार."

जेलरसाहेबांनी माझी पिशवी झाडून बघितली. चटणीची पुडी आणि टॉवेल निघाला. बराकीतल्या लोकांनाही विचारलं आणि मला कामावर जा म्हणाले. मी मॅडमचे आभार मानायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "ते राहू द्या. तुम्ही जेवलेले दिसत नाही, जेवून या."

तो अजूनही जाळीपाशी हाक मारतो. "मामा, मॅडमच्या कानावर एक घाला ना."

"बुधवारी. खुर्ची हाय."

"तुमी बी त्यांच्यासारखेच झाले."

त्यानं ते रागानं म्हटलं. मी घरी फोन केला तेव्हा आईला जसंच्या तसं सांगितलं.