जसंच्या तसं वाजणारा स्पीकर

"मॅडम, तुमचा स्पीकर कानात सुया टोचतो," असं म्हणत तन्मयने कॅबिनेट माझ्या टेबलावर आदळलं. चहा सांडला. मला राग स्पीकरच्या बदनामीचा आला, चहाचा नंतर.

गोरेगाव पूर्वेच्या एका गाळ्यात मी स्पीकर कॅबिनेट बनवते, म्हणजे प्लायवूडचं खोकं, आत स्पीकर आणि त्याचा अँप्लिफायर. माझी गिऱ्हाइकं मॉडेलरवाले गिटारिस्ट. मॉडेलर ही पायाशी ठेवायची डिजिटल पेटी. गिटारचे जुने, अवजड अँप, त्यांचे स्पीकर, समोरचा माइक, सगळ्यांची नक्कल ती आतच करते. त्यामुळे बाहेरच्या स्पीकरने स्वतःची अक्कल चालवायची नसते. येईल ते जसंच्या तसं, पण मोठ्यानं ऐकवायचं.

तिशीतला तन्मय मुलुंडच्या साटमकाकांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. महिन्याभरापूर्वी नोकरी सोडून पूर्णवेळ यातच उतरला होता. आदल्या दिवशीच्या तालमीत काकांनी त्याला साफ सांगितलं होतं: उद्याही असंच किंचाळलं तर दुसरा गिटारवाला बघतो.

"वाट लागलीय मॅडम. घरी एकदम झकास वाजतं हो!"

मी आधी स्पीकरवर बातम्या लावल्या. माणसाचा आवाज स्वच्छ आला तर स्पीकर सहसा ठीक असतो. निवेदिका अगदी समोर बसल्यासारखी बोलली. मग तन्मयचा मॉडेलर जोडून आवाज वाढवला. खरंच सुया टोचल्या. मॉडेलरची सेटिंग्ज पाहिली, तर ट्रेबल आणि बेस, म्हणजे आवाजातली तीक्ष्ण धार आणि खालचा घुमारा, दोन्ही टोकाला नेऊन ठेवलेले.

"हे आवाज बसवलेस कुठे?"

"घरी, बोरिवलीला. तुमच्याच स्पीकरवर."

"किती मोठ्यानं?"

तो ओशाळला. "मोठ्यानं कसलं? गिटारची तार छेडली की खालच्या काकू सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकतात."

तिथेच घोळ होता. अगदी हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. म्हणून तन्मयने ते वाढवले. स्टेजवर आवाज मोठा झाला, कानाला सगळंच ऐकू यायला लागलं आणि वाढवलेलं ते अंगावर धावून आलं. फ्लॅटमध्ये राहणारा प्रत्येक गिटारवाला एकदा तरी इथे फसतो.

उपाय सोपा. स्टेजवर जेवढा आवाज असेल तेवढाच ठेवून नव्याने सगळं बसवायचं. माझ्या गाळ्याशेजारी पत्रा कापायचं मशीन दिवसभर धडधडतं, तेव्हा कोण काय बोलणार? आम्ही सुरू केलं. थोड्याच वेळात मशीनचे मालक मेहताभाई दारात.

"मॅडम, थोडा धीमा करो ना. फोनवर काय ऐकू नाय येत."

त्यांचं मशीन तेव्हाही चालूच होतं. मी हसू दाबून दार लावून घेतलं.

संध्याकाळी तालमीला मीही गेले. बदनामी माझ्या मालाची होती, निकाल ऐकायला नको? साटमकाकांनी माझ्याकडे पाहून तन्मयला विचारलं, "ह्यांचे मिस्टर नाय येवक?"

"मिस्टर बँकेत आहेत," मी म्हटलं. "स्पीकर मी बनवते."

काका डोळे मिटून ऐकायला बसले. गाणं सुरू झालं. ढोलकी, कीबोर्ड, गायिका, सगळ्यांतून गिटारचा प्रत्येक सूर सुटा, गोड आणि खणखणीत येत होता. मला तर गहिवरूनच आलं. गाणं अंतऱ्यापर्यंत पोचलं आणि काकांनी हात वर करून सगळं थांबवलं.

"आता कसा, सगळा साफ आयकाक येता," ते म्हणाले. तन्मयचा चेहरा उजळला. "पण काय रे, अंतऱ्यात ह्यो कॉर्ड तू रोज असोच चुकीचो वाजवतंस? आणि मी त्या बिचाऱ्या कीबोर्डवाल्याक शिव्या घालतंय!"

कीबोर्डवाल्याने खुर्चीतून उठून मला नमस्कार केला.

तन्मयची जागा राहिली. अट एकच, रोज तालमीच्या तासभर आधी येऊन काकांसमोर अंतरे घोटायचे. निघताना तो मला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, "मॅडम, यात थोडं कमी क्लिअर मॉडेल नाही का मिळणार?"

नाही म्हटलं. पण तेव्हापासून स्वच्छ आवाज मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी गाळ्यात बसवून वाजवायला लावते. निम्मे त्यानंतर "घरी विचारून सांगतो" म्हणतात.